पूर्वेच्या काठावरचे ठसे

१८ ऑक्टोबर, मंगळवार

अकरा! दोनदा चालले, दोनदा मोजलं. अकराच! पाणउंदरांच्या लेंड्यांचे ताजे ढीग — हिरवट, चकचकीत, सगळ्या एका मापाच्या. गेल्या वर्षी याच आठवड्यात सात होते. पुलापासून जुन्या पंपघरापर्यंत नाल्याचा सगळा पूर्वेचा काठ भरलाय. पश्चिमेला काही नाही. तिकडे गुरं पाण्यावर उतरतात आणि काठ तुडवून ठेवतात.

एक मोठा पाणउंदीर तर अगदी दोन हातांवर बसला होता. लव्हाळ्याचा देठ पुढच्या पायांत धरून कुरकुर कुरकुर खात होता. मला शिंक आली. डुबुक! संपलं.

आता त्यांनाही घाई आहे आणि मलाही. देठ तिरके कापून बिळात ओढणं चाललंय. एकदा दव गोठायला लागलं की आत जाऊन बसतील ते थेट मार्चपर्यंत. मधे आत जिवंत आहेत की मेलेत, कळायला मार्ग नाही. म्हणून आत्ताची मोजणी बिनचूक हवी. एकतीस वर्षं बस चालवली मी, एक फेरी चुकवली नाही.

परत येताना पुलावर शेजारचा नॉर्मन. कोटाच्या आत डचेस, नेहमीसारखी, फक्त नाक बाहेर. बिळातले ससे हुसकायला पाळलेल्या त्या मुंगसासारख्या फेरेटचा वास दहा पावलांवरून येतो.

"काय गं पोरी, झाले का मोजून तुझे उंदीर?"

सहासष्ट वर्षांची पोरगी! म्हटलं, "अकरा. आणि तुझी ही सैतानीण त्यांच्याकडे बघतेय, तिला आत घाल."

"ती तुझ्याकडे बघतेय. तुला नाही, तुझ्या खिशातल्या सँडविचला."

म्हाताऱ्याशी बोलण्यात जिंकता येत नाही. पण शब्दाचा पक्का आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या हातचा केक खात, त्याने कबूल केलं — सशांसाठी तो खाणीच्या ढिगाऱ्यावर जाईल, वरच्या कुरणात जाईल, पण पूर्वेच्या काठावर फेरेट सोडणार नाही. तिथेच ससे सगळ्यात जास्त आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यालाही.

२० ऑक्टोबर, गुरुवार

नाल्यातल्या तराफ्यावर ठसे उमटायला ठेवलेली माती ओली केली. त्यावरच्या लाकडी बोगद्यातल्या ट्रेमध्ये फक्त पाणकोंबडीचे पाय उमटलेत. पाणउंदीर खाणारं मिंक नाही. देवा, असंच राहू दे.

२३ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर पाऊस. गुडघ्याने पार दगा दिला, नाल्यावर गेलेच नाही. खिडकीशी बसून चहा ढोसला.

अंधार पडल्यावर नॉर्मन गल्लीतून आला. नखशिखांत भिजलेला. खांद्यावर फेरेटची पेटी, हातात जाळ्या, ससा एकही नाही. खिडकी उघडून ओरडले, "आज सशांनी तुलाच पकडलं वाटतं?" मान वर केली नाही. सरळ आत गेला. असा कधी जात नाही. दुपारी जाताना बघितलं होतं त्याला; पाच तास पावसात उभं राहून हात हलवत यायचं म्हणजे चिडणारच. पण इतकं?

२४ ऑक्टोबर, सोमवार

पहाटे मधल्या भिंतीवर ठोकण्याचा आवाज. शेगडीची सळई घेऊन नॉर्मन भिंत बडवत होता. गेले तर पायरीवर बसलेला, ओठ निळे, श्वास शिट्टीसारखा. खाणीतल्या धुळीने छाती आधीच खाल्लेली, त्यात कालचा पाऊस. रुग्णवाहिका यायला पन्नास मिनिटं लागली! मी त्याचे हात चोळत होते आणि शिव्या देत होते.

स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तोंडावरचं ते प्लास्टिक बाजूला करायला बघत होता. "डचेस —" म्हणाला. म्हटलं, "बघते मी तिला. सगळ्यांना बघते. गप्प पड." पुन्हा काहीतरी बोलायला गेला. नर्सने हात खाली केला.

किल्ली माझ्याकडे. फेरेट माझ्याकडे. कर्म माझं!

२५ ऑक्टोबर, मंगळवार

फेरेटना सकाळी आणि संध्याकाळी सशाचे तुकडे. नॉर्मनच्या फ्रीजरमध्ये पिशव्या करून ठेवलेल्या आहेत, चार तुकड्यांची एक पिशवी, एकीला एक. मी खुराड्याचं दार बोटभर उघडते, ताटली आत सरकवते, कडी लावते, पळते. त्या आत वाळल्या गवताच्या पेटीत एकमेकींत गुंडाळून झोपलेल्या असतात. सगळ्या काळ्या-तपकिरी, कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते कळत नाही. हात घालायची माझी छाती नाही. एकीने एकदा पोस्टमनच्या अंगठ्याला दात लावले होते, चार दिवस पट्टी बांधून हिंडत होता.

२६ ऑक्टोबर, बुधवार



तराफ्याच्या मातीवर ठसे. पाच बोटं, चांदणीसारखी पसरलेली, नखांची टोकं स्पष्ट. आत गेलेले आणि बाहेर आलेले. मी मोजपट्टी लावली.  माप बरोबर बसलं.

मिंक.

फीबीला फोन केला — पाणउंदीर वाचवणाऱ्या आमच्या गटाची सगळी सूत्रं तिच्याकडे, वय अठ्ठावीस, कायम गाडीत. "आयरीन, नक्की?" म्हटलं, "तीन वर्षं मी मातीत डोकं घालून बसलेय, मला ठसा कळतो." उद्या सापळा आणून देते म्हणाली.

चार वर्षांपूर्वी पंपघराच्या वरच्या अंगाला हेच झालं होतं. मिंकची एक मादी. अंगाने बारीक, पाणउंदराच्या बिळात सहज शिरते. पाण्यात उडी मारून वाचता येत नाही, तिला पोहता येतं. बिळात लपून वाचता येत नाही, ती बिळात येते. ऑक्टोबरात चाळीस होते, नाताळापर्यंत एक नाही. तेव्हा तराफा नव्हता, मला काही कळत नव्हतं. मी फक्त चालत राहिले आणि डुबुक ऐकू येत नव्हतं. ती शांतता मला परत नको. काही झालं तरी नको.

ढीग आज नऊ.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

सापळा आला. तराफ्याच्या बोगद्यात बरोबर बसतो. जिवंत पकडणारा पिंजरा. दिवसातून दोनदा बघायचा.

दुपारी नॉर्मनचा फोन, हॉस्पिटलातून. आवाज कागदासारखा पातळ. बातमी दिल्याशिवाय राहवेना — मिंक आलं म्हटलं.

"ठसे? कुठे?"

"पूर्वेच्या काठावर. आणखी कुठे!"

 मग म्हणाला, "थांब जरा. मी येईपर्यंत सापळा लावू नको."

"तू येईपर्यंत एक उंदीर उरणार नाही!"

"पोरी, थांब म्हणतो ना."

मी तापले. म्हटलं, तुझ्या सशांचं असतं तर थांबला असतास का?  तो हळूच म्हणाला, "माझ्या पोरी कशा आहेत?"

"मजेत. ताटली चाटूनपुसून साफ."

"सगळ्या?"

"चारही."

"चार?"

"चार नाही तर काय चाळीस!"

तो हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला. मागून नर्स रागावत होती. मग आवाजच बदलला त्याचा, जोर आला. "मग लाव सापळा. आणि सापडलं की दयामाया करू नको. पिस्तूल माझ्या स्वयंपाकघरात, कपाटावर, बिस्किटांच्या डब्यात. पिंजऱ्यासोबत मिळते त्या लांब दातांच्या लाकडी फणीने कोपऱ्यात दाबायचं आणि डोक्यात एकच. तुला दाखवलंय मी."

दाखवलंय खरं. मी तेव्हा डोळे मिटले होते.

(खरं सांगायचं तर मी मोजल्या कुठे? पण चार तुकडे टाकते आणि चारही संपतात. आजाऱ्याला आणखी काय सांगायचं?)

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

पिंजरा रिकामा. ढीग आठ. पाणकणसांजवळच्या बिळाच्या तोंडाशी एक मेलेला मिळाला. मानेला दोन बारीक भोकं. मागचा अर्धा भाग खाल्लेला. अजून ऊब होती.

मी तिथेच चिखलात बसून रडले. कोणी बघितलं नाही.

२९ ऑक्टोबर, शनिवार

रात्रभर वारा. सकाळी बघते तर खुराड्याची कडी निघालेली आणि दार फटीएवढं उघडं!  काल संध्याकाळी घाईत नीट अडकवली नसणार. आत गवत तसंच फुगलेलं, हलतही होतं. आहेत म्हणजे. कडी लावून वर दोरी बांधली. नॉर्मनला सांगायची गरज नाही.

पिंजरा रिकामा.

३० ऑक्टोबर, रविवार

घड्याळं एक तास मागे. चार वाजल्यापासूनच दिवस मावळायला लागतो आता. पिंजरा रिकामा. ढीग सात. मातीवर पुन्हा ठसे, तराफ्याच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे बोगद्यात डोकावते आणि मागे फिरते. हुशार आहे.

जेवण जात नाही. टोस्ट करते आणि चिमण्यांना टाकते.

३१ ऑक्टोबर, सोमवार

सहा.

१ नोव्हेंबर, मंगळवार

झालं.

सात वाजता गेले. गवत पांढरं, पहिलंच गोठलेलं दव. लांबूनच दिसलं — सापळ्याचं दार पडलेलं!  तराफा दोरीने ओढून घेतला. आत काळं, ओलं, चिखलाने लडबडलेलं लांबट जनावर. डोळे चमकत होते.

फीबीला फोटो पाठवला, लगेच फोन आला. "हनुवटीवर पांढरं आहे का?" वाकून बघितलं. सगळं तोंड चिखलाने माखलेलं, पण खाली पांढरं होतं. मिंकची तीच खूण. आहे म्हटलं. ती किंचाळलीच. "आयरीन! मादी दिसतेय!" मग म्हणाली, माणूस पाठवते, पण दुपार होईल.

दुपार! त्या गारठ्यात पाच तास पिंजऱ्यात ठेवायचं? शत्रू असला तरी हे काही बरं नाही. आणि दार सटकलं तर? पळालं तर?

म्हटलं, मी करते.

घरी गेले, नॉर्मनचा डबा काढला. परत आले. एक लिहून ठेवते, कारण सारखं तेच डोळ्यांसमोर येतंय. नॉर्मन म्हणतो मिंक किंचाळतं, घाण वास सोडतं, तारेवर धडका मारतं. हे गप्प होतं. मी फणी आत घालताना म्हणाले, "चल, संपवू या एकदाचं." तर ते आवाजाच्या दिशेने पुढे आलं, माझ्या हातापाशी. तारेतून नाक बाहेर काढलं. मला वाटलं, काय निर्लज्ज आहे!

या खेपेला डोळे मिटले नाहीत. एकच गोळी. एकतीस वर्षांत बसखाली मांजरसुद्धा आलं नव्हतं माझ्या.

गटाच्या नियमाप्रमाणे पिशवीत घालून, तारीख लिहून फ्रीजरमध्ये ठेवलं. तपासणीला जातं ते. मटारच्या शेजारी. मग दोनदा साबणाने हात धुतले आणि चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

२ नोव्हेंबर, बुधवार

माती स्वच्छ! एक ठसा नाही! फीबीने माझं नाव सगळ्या गटाला कळवलं. अनोळखी लोक शाबासकी देतायत. "आयरीनने अख्खी वसाहत वाचवली." लाज वाटली आणि बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

३ नोव्हेंबर, गुरुवार

माती स्वच्छ. सहा ढीग, सहाही ताजे. पुलाखाली दोन जण एकाच देठावरून भांडत होते. जिवात जीव आला.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

फीबी येऊन पिंजरा घेऊन गेली, दुसऱ्या नदीवर हवाय. तराफाही काठावर ओढून ठेवला. गेल्या हिवाळ्यात पुरात वाहून गेला होता. आता मार्चपर्यंत सुट्टी.

नॉर्मनला मंगळवारी सोडणार! फोनवर खुशीत होता. मिंकची सगळी हकीकत दोनदा ऐकली. "डोक्यात? एकाच गोळीत? वा गं माझी पोरी!" मग म्हणाला, उद्या फटाके उडतील, खुराड्यातली पेटी उचलून शेडमध्ये आत ठेव. डचेस फार घाबरते, दरवर्षी तिला मी कोटात घेऊन बसतो. "आणि मंगळवारी मी गाडीतून उतरेन तेव्हा तिला फाटकापाशी आण. आधी ती, मग चहा."

मी आणि त्या जनावराला कडेवर! पण हो म्हटलं. त्याच्यासाठी ओव्हनचे हातमोजे घालीन.

५ नोव्हेंबर, शनिवार

शाळेमागच्या मैदानात पाच नोव्हेंबरची, दरवर्षीची होळी रचलेली. पोरं चार वाजल्यापासूनच फटाके उडवायला लागली, म्हणून लवकर गेले. पेटी जड होती, उचलेना. आतल्या तिघींना एकेक करून बाहेर काढून टोपलीत ठेवलं. चावल्या नाहीत, नुसत्या लोंबत होत्या बिचाऱ्या.

तिघी.

गवत उपसलं. खुराडं हलवलं. टॉर्च घेऊन शेडखाली पालथी पडले. "डचेस, डचेस" करत गल्लीच्या टोकापर्यंत गेले, हातात सशाचा तुकडा. लोक आल्याचा पार्किन केक खात होळीकडे चालले होते, कोणीतरी म्हणालं, आयरीन, चल की! कडी. गेल्या शनिवारची ती कडी. सात दिवस ती बाहेर आहे आणि मी सात दिवस चार तुकडे टाकतेय, आणि या तिघी खातायत.

मग फाटकापाशी उभी असताना ते नाक आठवलं. तारेतून बाहेर आलेलं.

फ्रीजर उघडायला मी एक तास लावला. बाहेर धडाड धडाड चाललेलं. पिशवी सिंकमध्ये उघडली, कोमट पाणी सोडलं. चिखल सुटत गेला तसा चेहरा दिसायला लागला. डोळ्यांभोवती काळं, नाकाभोवती पांढरट. मिंकचा चेहरा असा नसतो, हनुवटी सोडून सगळा काळा असतो, हे मला ठाऊक आहे, इतरांना मीच शिकवते! डावा कान बघितला. टोकाचा तुकडा गेलेला. कोणत्यातरी घुशीने तोडलेला, नॉर्मन शंभरदा सांगतो ती गोष्ट.

मी डचेसला मारलं. नॉर्मनच्याच पिस्तुलाने.

६ नोव्हेंबर, रविवार

झोप नाही. जे मनात आलं ते लिहिते, इथे तरी खोटं नको.

पहिला विचार — कोणाला कळणार? पिशवी मंगळवारी तपासणीला जाईल, किंवा मीच बागेत पुरेन. नॉर्मनला सांगायचं, वाऱ्याने कडी निघाली, पळाली, फार शोधली. तो रडेल, मी चहा करीन. फेरेट हरवतातच. होळीच्या फटाक्यांना घाबरून पळाली म्हटलं तर माझ्याकडे बोटही दाखवणार नाही.

हा विचार मी पहाटेपर्यंत कुरवाळला.

मग दुसरं लक्षात आलं आणि अंथरुणात उठून बसले. डचेस निसटली शनिवारी, एकोणतीसला. ठसे पहिल्यांदा दिसले सव्वीसला! मेलेला पाणउंदीर अठ्ठावीसला. तेव्हा ती खुराड्यात होती. म्हणजे मिंक आहे. खरं मिंक अजून तिथेच आहे! आणि मी शाबासकी घेऊन सापळा परत दिला, तराफा कोरडा करून ठेवला. दोन दिवस तिथे कोणी बघायला नाही, माती नाही, काही नाही. मी गप्प बसले तर हे सहाही गेले. बोलले तर नॉर्मन गेला. चाळीस वर्षांचा शेजार! माझा नवरा वारला तेव्हा याच माणसाने महिनाभर माझी कोळशाची बादली भरली, एक शब्द न बोलता.

उंदरांसाठी माणूस घालवायचा का? हे प्रश्न बस चालवताना पडत नव्हते.

दुपारी तराफा पाण्यात ढकलला. एकटीने. गुडघा सुजलाय.

७ नोव्हेंबर, सोमवार

फीबीला फोन केला. घोट घोट पाणी पीत सांगितलं. मिंक नव्हतं, फेरेट होती, शेजाऱ्याची. मला सगळ्यांसमोर ठसे शिकवायला उभं करू नको यापुढे.

 मग म्हणाली, "फोटो मीही बघितला होता, आयरीन. मीही मिंकच म्हणाले." चांगली पोर आहे. तीन तासांत दुसरा पिंजरा घेऊन आली. जाताना विचारलं, "त्यांना कोण सांगणार?" म्हटलं, मारणारी मी, सांगणारी मीच.

माती स्वच्छ. ढीग सहा. पण मिंकचा काय भरवसा, नाला फिरून येतं.

पिशवीतून काढून डचेसला कोरडं पुसलं. माझ्या जुन्या गणवेशाच्या स्वेटरमध्ये गुंडाळलं. वास येतो तिचा. येऊ दे.

८ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे पिंजरा बघितला. रिकामा. माती स्वच्छ.

नॉर्मन अकरा वाजता गाडीतून उतरला. अर्धा झालाय. कोट आधीच उघडून ठेवला होता, डचेसला आत घ्यायला. मी फाटकापाशी, हात रिकामे. हसत म्हणाला, "काय गं, घाबरलीस ना तिला उचलायला?"

ठरवलं होतं की आत नेईन, बसवीन, चहा देईन, मग. पण तो कोट बघितला आणि तिथेच, रस्त्यातच, सगळं बाहेर पडलं. कडी मी नीट लावली नाही. ती निसटली. सापळ्यात आली. मी मिंक समजून मारली. चार म्हणाले पण मी मोजल्या नव्हत्या, नॉर्मन, एकदाही मोजल्या नव्हत्या.

तो ऐकत राहिला. चेहऱ्यावरचा रंग गेला. मला वाटलं, इथेच पडतो आता. फाटक धरलं त्याने. "कुठे आहे?" स्वेटर आणून दिला. उलगडला नाही, नुसता वरून हात फिरवला, कान कुठे असेल तिथे थांबला. मग कोटात घातला आणि बटणं लावायला लागला. बोटं चालत नव्हती. मी मदतीला गेले तर म्हणाला, "जा आता, आयरीन."

पोरी म्हणाला नाही. भिंतीपलीकडे दिवसभर आवाज नाही. मी तीनदा कान लावला.

९ नोव्हेंबर, बुधवार

माती स्वच्छ, पिंजरा रिकामा. नाल्यावरून आले तर नॉर्मन माझ्या पायरीवर उभा. आत ये म्हटलं, आला नाही. नखांत बागेची माती होती.

म्हणाला, "ती तुझ्या कडीमुळे गेली नाही. त्या पावसाच्या रविवारी मीच तिला पूर्वेच्या काठावर सोडली. तुझा गुडघा दुखत होता, तू येणार नाहीस माहीत होतं. बिळात शिरली ती बाहेर आलीच नाही. पाच तास उभा होतो हाका मारत. मिंक नव्हतंच गं. तुझे उंदीर तीच खात होती. सांगणार होतो — पण तू म्हणालीस चार. मला वाटलं, आली आपली आपण घरी."

मी दाराला टेकले. तोही खाली बघत होता. मग त्याने विचारलं, "किती उरलेत तुझे?"

"सहा."

"मोजलेस ना?"